सराफाचें मेज

गेल्या सुगीच्या दिवसांत एका खेड्यांतील मंडळीच्या उपासनेस आम्ही गेलों होतों. तेथील उपदेशक बंधूंनीं मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांतील तीन दासांचा दृष्टांत वाचला. आपलें द्रव्य सावकारांकडे ठेवलें असतें तर निदान तें व्याजासह तरी परत आलें असतें, असें धनी आळशी दासास म्हणतो. तें वचन वाचलें जातांच मागें भिंतीशीं बसलेले एक वृद्ध शेतकरी उठून बाहेर गेले. उपासना आटोपल्यावर ते आम्हांस निंबाखालीं बसलेले आढळले. आम्हीं विचारपूस केली तेव्हां ते म्हणाले, "पाळकसाहेब, माजी दोन एकर जमीन सावकाराच्या कागदांत गेली. त्या गोष्टींतला धनी म्हंजी देवच न्हवं का? मग देव बी सावकाराच्याच अंगाचा का?"

आम्हीं घाईघाईनें उत्तर दिलें कीं, बाबा, तो दृष्टांत आहे, दृष्टांतांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ काढावयाचा नसतो. त्यांनीं हात जोडले व ते उगे राहिले. परंतु परत येतांना वाटेंत आमच्या मनास चैन पडेना. भाकर मागणाऱ्याच्या हातीं आपण धोंडा दिला, असें वाटूं लागलें. त्यांत सोबतच्या तरुण मास्तरांनीं आणखी एक शंका काढली: ज्या प्रभूनें मंदिरांत सराफांचे चौरंग उलथून टाकले, तोच प्रभु दुसरीकडे पैसा सराफाकडे ठेवावयास कसा सांगतो? ह्या दोन्ही प्रश्नांचा निकाल लावावयाचा तर मूळ ग्रीक शब्दांकडे गेलें पाहिजे, म्हणून हा पाठ.

दृष्टांतांत जो शब्द आहे तो 'त्रापेझीतेस'. साऱ्या नव्या करारांत तो एकदांच, मत्तय २५:२७ येथेंच, आला आहे. त्याचें मूळ 'त्रापेझा', म्हणजे मेज. आणि त्रापेझा हा शब्द 'चार पाय असलेलें' ह्या अर्थाच्या जुन्या शब्दावरून झाला आहे. आपल्या 'चौरंग' शब्दांतही चार हा आंकडा बसलेलाच आहे. बाजारांत चार पायांचें मेज मांडून त्यावर नाण्यांच्या राशी घालून जो बसे तो त्रापेझीतेस, म्हणजे मेजवाला. लूकानें हाच दृष्टांत थोड्या निराळ्या रूपानें दिला आहे. तेथें १९:२३ मध्यें मेजवाला नाहीं, नुसतें मेज आहे. पैसा मेजावर कां ठेवला नाहींस, असा तेथील प्रश्नाचा भाव आहे. आपण 'पेढीवर ठेवला' म्हणतों तसेंच हें बोलणें. इटली देशांत सराफ बांकावर बसत, त्या बांकाला 'बांका' म्हणत, आणि त्यावरूनच आजची 'बँक' आली. ग्रीस देशांत मात्र मेजाचें नांव अद्याप टिकून आहे. तेथील बँकांच्या इमारतींवर आजही 'त्रापेझा' हींच अक्षरें असतात. यहूदी लोकांच्या भाषेंतही तीच गोष्ट: मेजास 'शुल्हान' आणि सराफास 'शुल्हानी'.

मंदिरांतील प्रसंगीं मात्र शुभवर्तमानकारांनीं निराळे शब्द घातले आहेत. मत्तय व मार्क तेथें 'कोल्लुबिस्तेस' म्हणतात. 'कोल्लुबोस' म्हणजे एक बारीकसें नाणें, आणि त्यावरून नाणें बदलून देण्याबद्दल सराफ जें कापून घेई तेंही. आपल्याकडे ह्यास बट्टा म्हणतात. तेव्हां कोल्लुबिस्तेस म्हणजे बट्टा घेणारा. योहानानें दोन शब्द योजिले आहेत: २:१५ मध्यें हाच, आणि त्याच्या आधींच्या वचनांत 'केर्मातिस्तेस'. हा 'केर्मा' ह्या शब्दावरून, व केर्मा हें 'कापणें' ह्या क्रियापदावरून आलें आहे. मोठें नाणें मोडून जे तुकडे हातीं येतात तें केर्मा. आपण रुपया 'मोडतों' आणि 'मोड' घेतों. ग्रीक मनुष्य तो कापीत असे, एवढाच फरक! केर्मातिस्तेस म्हणजे खुर्दा देणारा. लूकानें मंदिराच्या प्रसंगीं सराफांचें नांवही घेतलेलें नाहीं. तो फक्त विकणाऱ्यांविषयीं लिहितो.

एकाच बाजारांत मेजवाला, बट्टेवाला आणि खुर्देवाला अशीं तीन नांवें कां लागावीं, हें समजण्यास त्या काळचीं नाणीं डोळ्यांपुढें आणावीं. प्रत्येक मोठें शहर आपलें नाणें पाडी. एकाचें वजन एक, दुसऱ्याचें दुसरें. एकांत चांदी शुद्ध, दुसऱ्यांत तांब्याची भेसळ. आपल्या देशांतही इ.स. १८३५ मध्यें कंपनी सरकारनें एकच रुपया ठरविला, त्यापूर्वीं अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये चालत, आणि गांवचा रुपया परगांवीं नेला म्हणजे सराफ बट्टा कापीत असे. 'सराफ' हा शब्दही मूळ अरबी असून त्याचा अर्थ बदलून देणारा असाच आहे.

ग्रीक सराफ केवळ नाणीं बदलून थांबला नाहीं. अथेन्स शहराचा इ.स. पूर्वीं चौथ्या शतकांतील वृत्तांत येथें थोडा विस्तारानें देतों, कारण आपल्या मंडळींतील पुष्कळांस सराफ म्हणजे धनवंताच्या घरीं जन्मलेला मनुष्य असें वाटतें. अथेन्सचा सर्वांत नामांकित सराफ पासियोन हा जन्मानें स्वतंत्र देखील नव्हता. पायरियस बंदरावर अंतिस्थेनेस व आर्खेस्त्रातोस नांवाचे दोन सराफ होते. त्यांचा तो गुलाम. मेजापाशीं बसून, नाणीं पारखून, हिशेब लिहून त्यानें धन्यांचा विश्वास संपादिला. त्यांनीं त्यास मुक्त केलें. पुढें पेढी त्याच्याच हातीं आली. त्यानें ढाली तयार करण्याचा कारखाना काढिला, शहरास एक हजार ढाली दिल्या, पांच लढाऊ गलबतें आपल्या खर्चानें सजविलीं, आणि शेवटीं अथेन्सच्या लोकांनीं त्यास नागरिक करून घेतलें. इ.स. पूर्वीं ३७० च्या सुमारास तो वारला. मरणापूर्वीं त्यानें पेढी व कारखाना फोर्मियोन नांवाच्या मनुष्यास खंडानें दिला होता. हा फोर्मियोनही पूर्वीं पासियोनाचाच गुलाम! पेढीचा वार्षिक खंड दहा हजार द्राख्मा ठरला होता. पासियोनाच्या मृत्युपत्राप्रमाणें त्याची विधवा आर्खिप्पे हिच्याशीं फोर्मियोनाचा विवाहही झाला. थोरला मुलगा अपोल्लोदोरोस ह्यास हें रुचलें नाहीं, व पुढें त्यानें सावत्र बापावर दावे लाविले. त्या दाव्यांतील भाषणें अद्याप उपलब्ध आहेत. फोर्मियोनाच्या बाजूचें भाषण डेमॉस्थेनीस ह्या प्रसिद्ध वक्त्यानें लिहून दिलें होतें. ह्या भांडणांमुळेंच त्या पेढीचा एवढा हिशेब आपणांस कळतो.

ह्या मेजावर काम कसें चाले, ह्याची एक गोष्ट तेथील दुसऱ्या एका खटल्यांत आहे. लीकोन नांवाचा एक परदेशी व्यापारी लिबियास निघाला. जाण्यापूर्वीं पासियोनाच्या पेढीवर त्यानें आपला हिशेब केला, तो एक हजार सहाशें चाळीस द्राख्मा शिल्लक निघाली. ही रक्कम आपला भागीदार केफिसियादेस ह्यास द्यावी असें त्यानें सांगितलें. केफिसियादेस त्या वेळीं दूर होता व पेढीवरचे लोक त्यास ओळखीत नव्हते. म्हणून कोणत्या मनुष्यांनीं त्याची ओळख पटवावी तेंही ठरलें. सराफाची रीत अशी होती कीं, वहींत आधीं ठेवणाऱ्याचें नांव, मग रक्कम, मग ज्यास द्यावयाची त्याचें नांव लिहावयाचें. आणि घेणारा अनोळखी असल्यास ओळख देणाराचेंही नांव जोडावयाचें. लीकोनाचें गलबत वाटेंत चांच्यांनीं धरलें व तो बाणाच्या जखमेनें आर्गोस येथें मरण पावला. ही बातमी येतांच काल्लिप्पोस नांवाचा एक वजनदार नागरिक पेढीवर आला. लीकोनाच्या गांवच्या लोकांचे हितसंबंध पाहण्याचें काम अथेन्समध्यें त्याच्याकडे होतें, म्हणून हा पैसा आपल्या हातीं यावा असा त्याचा डाव. फोर्मियोनानें त्यास वही दाखविली. तींत केफिसियादेसाचें नांव होतें. पुढें केफिसियादेस ओळख देणाऱ्यास घेऊन आला आणि सारी रक्कम घेऊन गेला. काल्लिप्पोसानें ह्याबद्दल पुष्कळ वर्षें राग धरला व फिर्यादही केली. मेलेल्या परदेशी माणसाचा पैसा, मागणारा बडा नागरिक, आणि देणारा एक काळचा गुलाम; तरी वहीप्रमाणें तो ज्याचा त्यास पोंचला.

सर्वच सराफ असे होते असें मात्र कोणी समजूं नये. स्वतः पासियोनावरही एका परदेशी तरुणानें ठेव बुडविल्याची फिर्याद केली होती. तिचें भाषण इसॉक्रेटीस ह्यानें इ.स. पूर्वीं ३९३ च्या सुमारास लिहिलें, आणि त्यास 'त्रापेझितिकोस' असेंच नांव आहे. सराफाशीं व्यवहार साक्षीदारांवांचून होतो, त्यामुळें फसलेल्या मनुष्यास पुरावा मिळत नाहीं, असें रडगाणें त्यांत आरंभींच आहे. त्याच खटल्यांत पेढीवरील एका गुलामास छळून त्याची जबानी घ्यावी कीं नाहीं, ह्याविषयीं वाद झाला, कारण त्या न्यायालयांत गुलामाची साक्ष छळावांचून खरी मानीत नसत. हें वाचून आमच्या अंगावर कांटा आला. मेजाच्या एका बाजूस गुलामाचा नागरिक होई, आणि त्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूस दुसरा गुलाम चाबकाखालीं पडे. ही फिर्याद झाल्यावरही पासियोनाची पेढी अनेक वर्षें चालली.

आतां पारखीविषयीं. अथेन्समध्यें सराफांच्या मेजांमध्यें सरकारचा एक मनुष्य बसे. त्यास 'दोकिमास्तेस' म्हणत. त्याचें काम नाणें खरें कीं खोटें हें सांगण्याचें. इ.स. १९७० मध्यें तेथील जुन्या बाजाराच्या उत्खननांत एक कोरीव शिळा सांपडली, तिच्यावर इ.स. पूर्वीं ३७५ च्या सुमाराचा ह्याच विषयाचा कायदा आहे. हा पारखी सरकारी गुलाम असे. त्यानें मेजांमध्यें बसून आणलेलें प्रत्येक नाणें पारखावें. आंतून तांबें किंवा शिसें निघालें तर तें तेथल्या तेथें आडवें कापून टाकावें. त्यानें खरें ठरविलेलें नाणें दुकानदार घेईना तर त्या दिवसाचा त्याचा माल जप्त व्हावा. आणि पारखी आपल्या जागीं बसला नाहीं किंवा कायद्याप्रमाणें पारख केली नाहीं, तर त्यास पन्नास फटके मारावे, असें तींत लिहिलें आहे. बंदरावर आणखी एक पारखी नेमावा असाही हुकूम आहे. सॉक्रेटीस हा तत्त्ववेत्ता बाजारांत ह्याच मेजांपाशीं लोकांशीं बोलत उभा राहत असे, असें त्याच्या बचावाच्या भाषणांत आलें आहे. माणसांची पारख करावयास त्यानें ही जागा निवडली ह्यांत नवल नाहीं.

उपदेशक बंधूंनीं येथें जरा थांबावें, कारण पौलाच्या पत्रांत हा पारखीचा शब्द ठिकठिकाणीं विखुरलेला आहे. खरें ठरलेलें नाणें 'दोकिमोस', फेंकलेलें 'अदोकिमोस'. १ करिंथ. ९:२७ मध्यें दुसऱ्यांस घोषणा करून आपणच नापसंत ठरूं नये अशी जी भीति पौल बोलून दाखवितो, तेथें तोच 'अदोकिमोस' आहे, म्हणजे कापून टाकलेलें नाणें. रोम. १६:१० मध्यें अपिल्लेस ह्यास तो 'दोकिमोस' म्हणतो. १ थेस्सल. ५:२१ मध्यें सर्व गोष्टींची पारख करण्यास सांगतांना त्याच शब्दाचें क्रियापद येतें. आणि बांधणाऱ्यांनीं नापसंत केलेला जो दगड, त्या वचनांतही तेंच क्रियापद उलट अर्थानें आहे: पारख करणाऱ्यांनीं पारखून फेंकला. प्राचीन मंडळींत प्रभूचें म्हणून एक वचन प्रचारांत होतें, तें चार शुभवर्तमानांत नाहीं. चांगले पारखी सराफ व्हा, असा त्याचा भाव. आलेक्झांद्रियाचा क्लेमेंत व ओरिगेन ह्या दोघांच्याही ग्रंथांत तें येतें. तें प्रभूच्या मुखांतलेंच असेल असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं. परंतु त्या काळच्या ख्रिस्ती लोकांस सराफ हें नांव शिवीसारखें वाटत नव्हतें, एवढें त्यावरून उघड होतें.

आतां यरुशलेमेस येऊं. निर्गम ३०:१३ प्रमाणें वीस वर्षांवरील प्रत्येक इस्राएली पुरुषानें अर्धा शेकेल परमेश्वराच्या सेवेसाठीं द्यावयाचा होता. प्रभूच्या काळीं ही पट्टी दर वर्षीं घेत. यहूदी शास्त्र्यांचा मिश्ना नांवाचा संग्रह इ.स. २०० च्या सुमारास तयार झाला. त्यांत सांगितलें आहे कीं अदार महिन्याच्या १५ तारखेस सराफांचीं मेजें गांवोगांवीं मांडीत, व २५ तारखेस तीं मंदिरांत मांडीत. वल्हांडण सण त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत येई. ही पट्टी सोर शहराच्या चांदीच्या नाण्यांत द्यावी लागे, कारण तें नाणें वजनास पुरें व चांदीस शुद्ध होतें. त्यावर एका बाजूस मेलकार्त नांवाच्या दैवताचें मुख व दुसऱ्या बाजूस गरुड! मूर्तीचा एवढा विटाळ मानणाऱ्या याजकांस चांदीच्या शुद्धतेपुढें मूर्ति दिसली नाहीं. ह्यावर आम्ही अधिक कांहीं बोलत नाहीं. पट्टीबरोबर सराफाचा बट्टाही द्यावा लागे. मिश्नांत त्यास 'कोलबोन' म्हटलें आहे, तो आपला कोल्लुबोसच दिसतो. मत्तय १७:२७ मध्यें माशाच्या तोंडांत जें नाणें सांपडतें तें 'स्तातेर', म्हणजे पूर्ण एक शेकेल. तें प्रभूची व पेत्राची अशी दोघांची पट्टी भागविण्यास नेमकें पुरें होतें. प्रभूनें ही पट्टी भरली हें ध्यानांत ठेवावें.

म्हणजे यात्रेकरूस सराफ लागतच होता. गालीलांतून आलेल्या शेतकऱ्याच्या कमरेच्या कशांत जें नाणें असे तें पट्टीस चालत नसे. मग प्रभूनें मेजें कां उलथलीं? बट्टा घेणें हेंच पाप होतें असें म्हणणारे उपदेशक आम्हीं ऐकले आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. प्रभूनें त्या वेळीं यशया व यिर्मया ह्यांचीं वचनें काढलीं. पहिल्यांत मंदिर हें सर्व राष्ट्रांच्या प्रार्थनेचें घर आहे, व दुसऱ्यांत तें लुटारूंची गुहा झालें आहे. परराष्ट्रीयांस मंदिरांत जेथवर येण्याची मोकळीक होती तें बाहेरचें अंगण. देवाची प्रार्थना करण्यास त्यांना दुसरी जागा नव्हती. तेथें मेजें, कबुतरांच्या बैठकी व गुरें उभीं केलीं होतीं. आणि लुटारूंची गुहा म्हणजे लुटारू लुटतात ती जागा नव्हे. लुटून आल्यावर निर्धास्तपणें लपतात ती जागा. यिर्मयाच्या सातव्या अध्यायांत परदेशी, पोरके व विधवा ह्यांवर जुलूम करणारे लोक मंदिरांत येऊन आपण सुरक्षित आहों असें म्हणतात, त्यांस हें वचन लागू केलें आहे. तेव्हां प्रभूचा हात मेजावर पडला, पण त्याची नजर मेज मांडूं देणाऱ्यांवर होती, असें आमचें मत आहे. मुख्य याजकांनींही तें तसेंच ओळखलें, म्हणून ते त्याच्या नाशाची संधि पाहूं लागले.

कोणी म्हणतील, मंदिरांत कोल्लुबिस्तेस व दृष्टांतांत त्रापेझीतेस, शब्द दोन, म्हणजे माणसेंही दोन, प्रश्न सुटला. इतका सोपा निकाल आम्ही देऊं शकत नाहीं. यहूदी लोकांच्या बोलण्यांत दोघांसही शुल्हानी हें एकच नांव होतें, व एकच मनुष्य सकाळीं खुर्दा देई व दुपारीं ठेवी घेई. शब्दभेदावर फार मोठा इमला उभारूं नये. परंतु कामांचा भेद खरा आहे, आणि दृष्टांतांत कोणतें काम अभिप्रेत आहे हें महत्त्वाचें आहे.

एक तालांत म्हणजे सहा हजार द्राख्मा. मत्तय २०:२ मध्यें मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार सांगितला आहे, व दिनार आणि द्राख्मा जवळजवळ एका तोलाचे. म्हणजे ज्या दासास एकच तालांत मिळाला त्याच्या हातींही मजुराची वीस वर्षांची मिळकत होती. ती त्यानें जमिनींत पुरली. त्या देशांत ठेव पुरणें हें लबाडीचें काम मुळींच नव्हे. पैशास जमिनीवांचून दुसरें रक्षण नाहीं, असें यहूदी शास्त्र्यांचें वचन आहे. लूकाच्या दृष्टांतांतील दासानें तो रुमालांत बांधून ठेवला, ती मात्र शास्त्र्यांच्या मतें ढिलाईच. मिश्नांत आणखी एक नियम आहे. सराफाकडे पैसा पुरचुंडी बांधून ठेवला तर सराफानें तो वापरूं नये, आणि हरवला तर तो जबाबदार नाहीं. तोच पैसा मोकळा दिला तर त्यानें तो व्यापारांत वापरावा, आणि हरवला तर त्यानें भरून द्यावा. दृष्टांतांतील धनी हें दुसरें मागत आहे. त्यास फार मोठ्या नफ्याची अपेक्षा नाहीं. व्यापार करण्याचें धैर्य नव्हतें तर पैसा मोकळा करून मेजावर तरी ठेवावयाचा होता. व्याजास तेथें 'तोकोस' हा शब्द आहे, व त्याचा मूळ अर्थ अपत्य. पैशानें पैशास जन्म द्यावा हें सृष्टिविरुद्ध आहे असें आरिस्टॉटलानें ह्याच शब्दावरून लिहिलें. आपल्या 'व्याज' शब्दाचा संस्कृतांतील अर्थ बहाणा असा आहे, हें जातां जातां सांगून ठेवतों.

तेव्हां बाबांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर असें. त्यांनीं ऐकलेला 'सावकार' हा शब्द मुळांत त्रापेझीतेस आहे. सावकार आपला पैसा तुम्हांस देतो व तुमच्याकडून व्याज घेतो. दृष्टांतांतील मेजवाला तुमचा पैसा ठेवून घेतो व तुम्हांस व्याज देतो. गांवांतील पतपेढींत विधवेनें पुंजी ठेवावी तसें तें आहे. देव सावकाराच्या अंगाचा आहे असें त्या वचनांत कोठेंही नाहीं.

पण हें अर्धेंच उत्तर आहे, व बाबांसारख्या मनुष्यास तें पुरणार नाहीं, कारण मेजवाला तें व्याज आणतो कोठून? ठेवींचा पैसा तो दुसऱ्यास कर्जाऊ देई. पासियोनानें पन्नास तालांत कर्जाऊ दिले होते, त्यांतले अकरा लोकांच्या ठेवींचे होते. अथेन्समध्यें साधारण दर शंभर द्राख्म्यांस महिन्यास एक द्राख्मा, म्हणजे आपल्याकडील दरमहा शेंकडा एकाचा दर. समुद्रावरच्या व्यापारास त्याहून पुष्कळ अधिक. मेजाच्या पलीकडे कोणीतरी ऋणको उभा होताच. मोशेच्या नियमशास्त्रांत आपल्या बांधवापासून व्याज घेण्यास मनाई आहे (अनुवाद २३:१९), आणि गरिबास कर्ज देऊन त्याच्याशीं सावकारासारखें वागूं नको असें निर्गम २२:२५ मध्यें स्पष्ट आहे. लूक ६:३५ मध्यें प्रभु ह्याच्याही पुढें जातो. दृष्टांतांतील धन्यानें बाजारांतली रीत बोलून दाखविली, एवढ्यावरून ती आज्ञा मोडीत निघाली असें कोणीही म्हणूं नये.

एक गोष्ट आम्हांस हा अभ्यास करतांना नव्यानें दिसली. प्रेषितांचीं कृत्यें ६:२ मध्यें बारा प्रेषित मेजांची सेवा करण्याविषयीं बोलतात. तेथें 'त्रापेझा' हाच शब्द आहे, व विधवांना रोजचें अन्न वांटण्याचा प्रसंग आहे. आपण जेवणाचींच मेजें समजतों, व तेंच बहुधा खरें. परंतु तेथें पैशाच्या वांटपाचीं मेजें समजावीं असें कित्येक टीकाकारांचें मत आहे. पौलानें १ करिंथ. १०:२१ मध्यें प्रभूचें मेज म्हटलें आहे तेंही त्रापेझा. ग्रीक मंडळींत वेदीस आजवर 'पवित्र त्रापेझा' म्हणतात. तेथील शेतकरी आठवड्यांत एका त्रापेझांत पैसा भरतो आणि रविवारीं दुसऱ्या त्रापेझासमोर उभा राहतो.

जो खरोखर सावकार, म्हणजे कर्ज देणारा, त्यास ग्रीकांत 'दानिस्तेस' असें निराळें नांव आहे. नव्या करारांत हा शब्दही एकदांच आला आहे, लूक ७:४१ मध्यें. एका दानिस्तेसाचे दोन ऋणको होते; एकाकडे पांचशें दिनार येणें, दुसऱ्याकडे पन्नास. दोघांपाशींही द्यावयास कांहीं नव्हतें. त्यानें दोघांनाही सोडिलें. जेथें प्रभूनें सावकाराचा दृष्टांत देवास लाविला तेथें सावकार कर्ज सोडतो.

हें हातीं लागल्यावर आम्ही पुन्हां त्या गांवीं गेलों. बाबा शेतावरून नुकतेच आले होते. ओट्यावर बसून आम्हीं त्यांस लूकाचा तो भाग वाचून दाखविला, व सावकार हा शब्द खरा कोठें आहे आणि कोठें नाहीं तें सांगितलें.

"दोघांचं बी सोडलं?" त्यांनीं विचारलें.

"दोघांचेंही," आम्ही म्हणालों.

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "पर साहेब, कागद माघारी दिला का त्यानं? आमच्याकडं त्वांडानं सोडलं म्हंत्यात, आन् कागद तसाच पेटींत ऱ्हातो. पोराच्या वक्ताला तो पुन्यांदा भाईर निघतो."

लूकाच्या त्या दोन वचनांत कागदाचा उल्लेख नाहीं, आणि आम्हीं तो आहे असें सांगितलें नाहीं. घरीं येऊन पाहूं लागलों तों कलस्सैकरांस पत्राच्या २:१४ मध्यें तो कागद सांपडला. त्यास ग्रीकांत 'खेयरोग्राफोन' म्हणतात, म्हणजे ऋणकोनें स्वतःच्या हातानें लिहून दिलेला लेख. असे खरे लेख ईजिप्त देशाच्या वाळूंत पुष्कळ निघाले आहेत, आणि जें कर्ज फिटलें त्यांच्या लेखांवर आडव्यातिडव्या रेघा ओढलेल्या दिसतात. पौल मात्र रेघा ओढल्या असें म्हणत नाहीं; तो दुसराच शब्द घालतो. तो शब्द घेऊन आम्ही येत्या रविवारीं बाबांकडे जाणार आहों. वाचकांसाठीं तो पुढील अंकीं देऊं.